१९९१ साल घनसावंगीत कधी आलं?

माझ्या पीएच.डी.च्या पहिल्या आराखड्याचं शीर्षक असं होतं: 'आर्थिक सुधारणांचा घनसावंगी तालुक्यातील कापूस उत्पादकांवर झालेला परिणाम: १९९१ पूर्वी आणि नंतर'. वाचायला बरं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. तालुका आपला, पीक घरचं, आणि साल तर शाळेपासून पाठ झालेलं. आराखडा परत आला तेव्हा मार्गदर्शकांनी फक्त एका शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. तो शब्द म्हणजे '१९९१'. समासात एकच प्रश्न लिहिला होता, "हेच साल का?"

मला वाटलं, हा काय प्रश्न झाला? उदारीकरण १९९१ लाच झालं, हे सगळ्यांना माहीत आहे. मग दिवाळीला गावी गेलो, तेव्हा सहज तात्यांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना विचारलं, "तात्या, ९१ साली कापसाच्या बाजारात काय बदललं हो?" त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "९१ ला? काहीच नाही. तवा कापूस फेडरेशनलाच घालायचा. व्यापारी दारात काटा घेऊन यायला लागला ते लई नंतर. बीटी आलं ना, त्याच साला-दोन सालात."

माझा आराखडा तिथंच मोडला. पण आज जो विषय घेऊन मी काम करतोय, तो या एका उत्तरातूनच निघाला. पेट किंवा नेट-सेट झालेल्या, विषय शोधत असलेल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात 'सुधारणांपूर्वी आणि नंतर' अशा धाटणीचा विषय असेल. म्हणून माझी चूक आणि तिची दुरुस्ती सविस्तर सांगतो.

१९९१ ला नेमकं काय झालं होतं?

'सुधारणा' या एका शब्दात आपण बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. त्या आधी सुट्या करू.

जुलै १९९१ मध्ये, १ आणि ३ तारखेला, दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं. साधारण २१ रुपयांचा डॉलर २६ रुपयांच्या घरात गेला. २४ जुलैला मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला, आणि त्याच दिवशी आलेल्या नव्या औद्योगिक धोरणानं बहुतेक उद्योगांसाठी परवाना घेण्याची अट काढून टाकली. कारखान्याला लागणारा कच्चा माल आणि यंत्रं यांच्या आयातीवरची बंधनं सैल झाली, आणि पुढच्या काही वर्षांत आयातशुल्क टप्प्याटप्प्यानं खाली आलं.

यात शेतमाल कुठं आहे? थेट कुठंच नाही. ग्राहकोपयोगी वस्तू आणि शेतमाल यांच्या आयातीवरची संख्यात्मक बंधनं बऱ्याच प्रमाणात तशीच राहिली. त्यातली शेवटची १ एप्रिल २००१ ला उठली. म्हणजे देशाच्या पातळीवरसुद्धा 'व्यापार खुला झाला' ही एका दिवसात घडलेली घटना नाही. ती दहा वर्षांची प्रक्रिया आहे.

एक मुद्दा मात्र खरा आहे. रुपया घसरला की जगाच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या वस्तूचा रुपयातला भाव वाढायला हवा. कापूस तशीच वस्तू आहे. डॉलर २१ वरून २६ वर गेला, तर जगाचा भाव जागच्या जागी राहूनही कापसाचा रुपयातला भाव वीस टक्क्यांहून जास्त चढायला हवा. हा फायदा घनसावंगीच्या शेतकऱ्यापर्यंत पोचला का, हा रास्त संशोधन प्रश्न आहे. पण तो पोचायला वाट मोकळी हवी. ती होती का, ते बघू.

कापसाच्या दाराला तीन कुलपं

पहिलं कुलूप राज्याचं. महाराष्ट्रानं १९७१ साली कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. योजनेचा गाभा असा की राज्यातला कापूस शेतकऱ्यानं सरकारच्या खरेदी केंद्रावरच घालायचा. खासगी व्यापाऱ्याला कापूस घ्यायला बंदी. कापूस राज्याबाहेर न्यायलाही बंदी, ज्याला लोक झोनबंदी म्हणायचे. खरेदी सहकारी महासंघामार्फत व्हायची, म्हणून गावाकडं आजही म्हातारी माणसं 'फेडरेशन' म्हणतात. जिनिंग-प्रेसिंग करून गाठी विकायचं कामही महासंघाचंच.

हेतू वाईट नव्हता. सुगीच्या दिवसांत व्यापारी भाव पाडतो, काट्यात मारतो, आगाऊ उचल देऊन शेतकऱ्याला बांधून ठेवतो, हा अनुभव खरा होता. योजनेत हमीभाव ठरलेला असायचा. चुकारा हप्त्यांनी मिळायचा, आणि गाठी विकून नफा उरला तर पुढं जास्तीची रक्कम देण्याची तरतूद होती. बाहेर भाव पडलेल्या वर्षी याचा आधार व्हायचा. पण बाहेर भाव चढलेल्या वर्षी हीच योजना भिंत व्हायची. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं झोनबंदीविरुद्ध आंदोलनं केली ती याच कारणानं. पुढं हमीभाव आणि बाजारभाव यांतला तोटा सरकारच्या अंगावर साचत गेला आणि २००२ च्या हंगामात खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मोकळीक मिळाली. एकाधिकार खऱ्या अर्थानं तिथं संपला.

दुसरं कुलूप केंद्राचं. कापसाची आयात १९९४ साली खुली झाली. निर्यातीवर मात्र दरवर्षी कोटा ठरायचा. देशात पीक किती, गिरण्यांना लागतो किती, हे बघून उरलेला कापूस बाहेर पाठवायची परवानगी मिळायची आणि हा कोटा सरकारी, सहकारी संस्था आणि व्यापारी यांच्यात वाटला जायचा. ही संख्यात्मक बंधनं २००१ मध्ये उठली. क्रम नीट बघा. बाहेरचा कापूस आत यायची वाट आधी मोकळी झाली आणि आपला बाहेर जायची वाट सात वर्षांनी.

तिसरं कुलूप परदेशाचं. श्रीमंत देशांनी १९७४ पासून बहुधागा करारानुसार, म्हणजे मल्टिफायबर करारानुसार, विकसनशील देशांतून येणाऱ्या कापड-कपड्यांवर कोटे लावले होते. १९९५ ला जागतिक व्यापार संघटना आली तेव्हा हे कोटे दहा वर्षांत काढायचं ठरलं, आणि १ जानेवारी २००५ ला ते संपले. कपड्याची निर्यात वाढली की सूत लागतं, सुताला रुई लागते, म्हणून हे कुलूपही कापसाच्याच दाराचं आहे.

आता तारखा एका ओळीत मांडा: १९९१, १९९४, २००१, २००२, २००५. घनसावंगीच्या शेतकऱ्यासाठी यातलं सगळ्यात जवळचं दार कोणतं? २००२ चं. ते बंद असेपर्यंत बाकीची उघडून त्याला थेट उपयोग नव्हता. जगाचा भाव मुंबईपर्यंत आला असेल, पण तीर्थपुरीच्या किंवा कुंभार पिंपळगावच्या शेतकऱ्याच्या काट्यापर्यंत येणार कसा? मध्ये सरकारनं ठरवलेला भाव उभा होता.

म्हणजे तात्यांचं बरोबर होतं. दिल्लीतलं १९९१ आमच्या तालुक्यात यायला ११ वर्षं लागली.

हे फक्त आपल्याकडंच झालं का?

नाही. 'वेगानं वाढणाऱ्या अर्थव्यवस्था' म्हणून आपण ज्या देशांची नावं घेतो, तिथंही हाच नमुना दिसतो.

चीनच्या सुधारणांचं साल आपण १९७८ धरतो. पण तिथला कापूस सरकारी पुरवठा-विक्री सहकारी संस्थाच विकत घ्यायच्या आणि ही व्यवस्था १९९९ पर्यंत चालली. कापसाचे भाव आणि खरेदी त्या वर्षी खुली झाली, म्हणजे तब्बल २१ वर्षांनी. लगेच दोन वर्षांनी, डिसेंबर २००१ मध्ये, चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला.

व्हिएतनामनं 'दोई मोई' हे सुधारणांचं धोरण १९८६ ला जाहीर केलं. १९८९ पासून तो देश तांदळाचा मोठा निर्यातदार झाला. तरी तांदळाच्या निर्यातीवर कोटा होताच. तो २००१ ला गेला, म्हणजे १५ वर्षांनी.

तिन्हीकडं कारण साधारण एकच आहे. कारखान्याचा परवाना रद्द करायला एक अधिसूचना पुरते. शेतमालाच्या बाजारामागं लाखो शेतकरी असतात, शहरातल्या ग्राहकाची महागाई असते, गिरण्यांचा स्वस्त कच्चा माल असतो, खरेदी संस्थांची नोकरभरती असते आणि निवडणुका असतात. शिवाय आपल्याकडं शेती आणि बाजार समित्या राज्यांच्या अखत्यारीत येतात. त्यामुळं सुधारणा आधी सीमेवर होते, मग शहरात आणि सगळ्यात शेवटी शेताच्या बांधावर.

यातून पहिला धडा घ्या. धोरण जाहीर झाल्याची तारीख आणि तुमच्या अभ्यासातल्या माणसापर्यंत ते पोचल्याची तारीख वेगळी असते. आराखड्यात दुसरी तारीख लिहायची असते.

मग १९९१ खोडून २००२ लिहायचं का?

मीही हेच केलं. दुसऱ्या आराखड्यात सगळीकडं १९९१ च्या जागी २००२ घातलं आणि खूश झालो. पण तात्यांचं वाक्य पुन्हा वाचा. "बीटी आलं ना, त्याच साला-दोन सालात."

२६ मार्च २००२ ला केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीनं भारतातल्या पहिल्या बीटी कापसाला परवानगी दिली. ते तीन संकरित वाण मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४, आणि ते आणले महिकोनं, जी बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली आपल्याच जालन्यात सुरू केलेली कंपनी. म्हणजे व्यापारी दारात आला तो आणि नवं बियाणं शेतात आलं तो हंगाम एकच. तात्यांच्या आठवणीत या दोन गोष्टी एकमेकींना चिकटून बसल्यात. आकड्यांतही त्या तशाच चिकटलेल्या आहेत.

समजा तुम्ही २००२ पूर्वीचं आणि नंतरचं शेतकऱ्याचं उत्पन्न घेतलं आणि ते वाढलेलं दिसलं. श्रेय कुणाचं? खुल्या बाजाराचं, बियाण्याचं की २००५ ला संपलेल्या कोट्यांचं? नुसत्या 'आधी-नंतर' तुलनेतून हे कधीच सांगता येणार नाही. व्हायवाला हाच प्रश्न येतो आणि तिथं भल्याभल्यांची बोलती बंद होते.

यावर पुस्तकी उपाय आहे 'फरकातला फरक', म्हणजे डिफरन्स-इन-डिफरन्सेस. एकाधिकार फक्त महाराष्ट्रात होता, गुजरातेत नव्हता. मग २००२ च्या आधी आणि नंतर महाराष्ट्रात किती बदल झाला, तेवढ्याच काळात गुजरातेत किती झाला, आणि या दोन बदलांतला फरक म्हणजे एकाधिकार संपल्याचा परिणाम. बीटी तर दोन्हीकडं आलं, मग त्याचा परिणाम वजाबाकीत निघून जाईल.

ऐकायला छान. पण गुजरातेत बीटी परवानगीच्या आधीच घुसलं होतं. २००१ मध्ये तिथं नवभारत-१५१ नावाचं विनापरवाना बीटी वाण शेतांत सापडलं. शिवाय गुजरातेतला कापूस आणि मराठवाड्यातली कोरडवाहू कपाशी यांना पाणी, जमीन, बोंडअळी सगळंच वेगळं. बियाण्याचा परिणाम दोन्हीकडं सारखा धरला तर आपण स्वतःलाच फसवतो. म्हणून वजाबाकी करण्याआधी तुलनेचं गाव, तालुका किंवा राज्य त्या काळात खरंच 'जैसे थे' होतं का, हे तपासावं लागतं.

सुटका कशी झाली: काय मोजायचं ते बदललं

इथं मी बरेच महिने अडकलो होतो. सुटका झाली ती नवं गणित शिकून नाही. प्रश्न बदलला आणि वाट दिसली.

बीटीनं काय बदललं? एकरी उतारा, फवारणीचा खर्च, बियाण्याचा खर्च. एकाधिकार संपल्यानं काय बदललं? विकत कोण घेणार आणि कोणत्या भावानं. मी उत्पन्न मोजत होतो, ज्यात दोन्ही गोष्टी मिसळतात. त्याऐवजी अशी गोष्ट मोजली तर, जिच्यावर बाजाराचा परिणाम थेट होतो आणि बियाण्याचा जवळजवळ होत नाही? ती गोष्ट म्हणजे जगातला भाव हलल्यावर तालुक्यातला भाव किती हलतो. याला प्राइस ट्रान्समिशन म्हणतात. मराठीत आपण 'भावाचं वहन' म्हणू.

हे हाताने करून बघा, म्हणजे डोक्यात बसेल. जगात रुईचा भाव पौंडाला सेंटमध्ये सांगतात. समजा तो ८० सेंट आहे आणि डॉलर ८५ रुपयांचा. एक पौंड म्हणजे ०.४५३६ किलो, म्हणून किलोला १.७६ डॉलर, म्हणजे साधारण १५० रुपये. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. ३४ गुणिले १५० म्हणजे ५,१०० रुपये. उरलेली साधारण ६४ किलो सरकी. ती समजा ३५ रुपये किलोनं गेली तर २,२४० रुपये. एकूण ७,३४०. यातून जिनिंग, वाहतूक, हमाली आणि व्यापाऱ्याचा वाटा वजा करा. उरेल तो जगाच्या भावानुसार शेतकऱ्याला मिळू शकणारा भाव.

आता जगातला भाव १० सेंटनी उतरला तर? किलोला २२ सेंट, म्हणजे सुमारे १८.७५ रुपये, गुणिले ३४. क्विंटलमागं साधारण ६४० रुपये गेले. वीस क्विंटल कापूस असलेल्या घराचे जवळपास १३ हजार, तेही घनसावंगीत काहीही न घडता. हेच गणित २००२ सालच्या ४८ रुपयांच्या डॉलरला केलं तर १० सेंट म्हणजे फक्त ३६० रुपये येतात. म्हणून सगळी मालिका आधी रुपयात आणायची आणि मगच तुलना करायची. ही पायरी विसरलात तर रुपयाची घसरण तुम्हाला 'सुधारणांचा परिणाम' म्हणून दिसेल.

मग प्रश्न असा उरतो. जगाचा भाव रुपयात १०० नं हलला, तर तालुक्यात तो कितीनं हलतो? शून्य आलं तर मध्ये भिंत आहे. ९० च्या आसपास आलं तर दार सताड उघडं आहे. २००२ पूर्वीचा आकडा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवले की दार कधी आणि किती उघडलं ते दिसतं. बियाणं बदलल्यानं उतारा दुप्पट झाला तरी या आकड्याला फारसा धक्का लागत नाही. एक काळजी मात्र घ्यायची. धाग्याची लांबी आणि प्रत बदलली तर भाव बदलतो, म्हणून तुलना एकाच प्रतीच्या कापसाची करायची. फरदडीचा नाहीतर कवडी कापूस चांगल्या वेचणीच्या कापसाशी तोलायचा नाही.

दुसरा धडा हा. दोन घटना एकाच वेळी घडल्या असतील, तर जिच्यावर त्यांतल्या एकीचाच परिणाम होतो अशी गोष्ट मोजायला शोधा.

दार उघडलं, पण उघडं राहिलं का?

'नंतर'चा काळही एकसारखा नाही. मार्च २०११ मध्ये जगातला कापूस पौंडाला २०० सेंटच्या पुढं गेला. पण त्याआधीच, एप्रिल २०१० मध्ये, केंद्रानं निर्यातीची नोंदणी थांबवली होती. ५ मार्च २०१२ ला तर निर्यातीवर थेट बंदी आली आणि ओरड झाल्यावर आठवडाभरातच ती सैल करावी लागली. आयातीचंही तेच. २००८ पासून शुल्क नव्हतं, २०२१ च्या अर्थसंकल्पात ते सगळं धरून ११ टक्के झालं, एप्रिल ते ऑक्टोबर २०२२ माफ झालं, पुन्हा लागलं. अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं त्याच ऑगस्ट २०२५ मध्ये, १९ तारखेपासून, कापसावरचं आयातशुल्क पुन्हा काढलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आमच्याकडं वेचणीचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबरच असतो, एवढं लक्षात घ्या.

नमुना दिसतोय का? भाव चढला की निर्यात अडवली जाते किंवा आयात सोपी होते. भाव पडतो तेव्हा शेतकऱ्याच्या हाती उरतो तो किमान आधारभूत भाव, २०२५-२६ साठी लांब धाग्याला ८,११० रुपये, आणि तोही कापूस महामंडळाच्या केंद्रावर, ओलावा ८ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण. म्हणून मी सध्या ज्या प्रकरणावर काम करतोय त्याचा प्रश्न असा आहे: जगातली तेजी आणि जगातली मंदी घनसावंगीत सारख्याच वेगानं येतात का? याला असममित वहन म्हणतात. सोप्या भाषेत, भाव उतरताना जिन्यावरून गडगडतो आणि चढताना एकेक पायरी मोजतो का?

हा प्रश्न कागदावरचा नाही, हे मला २०२३ ला कळलं. आदल्या वर्षी, म्हणजे २०२२ च्या उन्हाळ्यात, रुईची खंडी एक लाखाच्या वर गेली होती आणि कापसाला दहा हजारांच्या वर भाव लागला होता. तात्यांनी तो ज्यांना मिळाला त्यांना बघितलं होतं. त्यांचा स्वतःचा माल मात्र दिवाळीच्या आधीच गेला होता. म्हणून पुढच्या हंगामात त्यांनी कापूस विकलाच नाही. माळवदाच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवला. घरात सगळ्यांच्या अंगाला खाज सुटायची, काकू रोज म्हणायच्या, "विकून टाका की हो." मे महिन्यात शेवटी सात-साडेसात हजारांच्या आसपास तो द्यावा लागला, खेडा खरेदीतच.

तात्या अडाणी अंदाज करत नव्हते. त्यांचा हिशोब 'भाव गेल्या वर्षी चढला, तर यंदाही चढेल' एवढा साधा नव्हता. ते रोज वायद्याचे भाव मोबाईलवर बघायचे. त्यांना माहीत नव्हतं ते एवढंच, की बाहेरचा भाव आणि आपला काटा यांच्यामध्ये शुल्क, रुपया, गिरण्यांची मागणी आणि धोरण असे चार बोळ आहेत, आणि ते कधी उघडे तर कधी बंद असतात. असं संशोधन नीट झालं, तर त्यांच्यासारख्या माणसाला निदान ठेवायचं की विकायचं हे ठरवताना काहीतरी हाताशी राहील.

आकडे कुठं शोधायचे आणि कुठं फसायचं नाही

तुम्हाला असा विषय घ्यायचा असेल तर चार गोष्टी आधीच सांगून ठेवतो.

एक, सीमा तपासा. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीचे आकडे औरंगाबाद जिल्ह्यात आहेत, आणि परतूरकडचे परभणीत. घनसावंगीचा भाग पूर्वी अंबड तालुक्यात मोडायचा. 'घनसावंगी' नावानं जुनं काही सापडलं नाही म्हणून 'डेटा नाही' असं लिहू नका.

दोन, 'भाव' म्हणजे कोणता भाव ते लिहा. एकाधिकाराच्या काळात हमीभाव वेगळा आणि शेवटी हातात पडलेली एकूण रक्कम वेगळी. हप्ते उशिरा मिळाले असतील तर महागाई आणि व्याजही धरावं लागतं. आमच्या घरच्या लोखंडी पेटीत जुन्या पावत्या सापडल्या, त्यावर माल घातल्याची तारीख आणि पुढच्या हप्त्याची तारीख यांतलं अंतर मोजता येतं. अशा पेट्या तुमच्याही गावात आहेत. विचारा.

तीन, खरेदी म्हणजे उत्पादन नव्हे. बाहेर भाव जास्त असेल त्या वर्षी सीमेवरच्या जिल्ह्यांतून कापूस चोरून बाहेर जायचा, हमीभाव जास्त असेल त्या वर्षी बाहेरचा आत यायचा. खरेदी केंद्राचा आकडा घटला म्हणून 'पीक बुडालं' असा निष्कर्ष काढला तर तो चुकू शकतो.

चार, मालिका जुळवा. बाजार समित्यांचे रोजचे भाव ॲगमार्कनेटवर आणि राज्य पणन मंडळाकडं मिळतात, पण त्या ऑनलाईन यंत्रणेत फार मागचं काही नाही. त्याआधीसाठी कृषी खर्च व मूल्य आयोगाचे अहवाल आणि राज्याच्या अहवालांची पानं उलटावी लागतात. जागतिक भाव जागतिक बँकेच्या 'पिंक शीट'मध्ये महिन्यागणिक फुकट मिळतात. आणि खेडा खरेदीतला भाव यातल्या कशातच नसतो. त्यासाठी गावात जाऊन बसावं लागतं.

शेवटी एक घरचा अभ्यास. तुमच्या आराखड्यात जे साल लिहिलंय त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा. मग ज्या माणसांवर तुमचा अभ्यास आहे, त्यांतल्या पाच जणांना विचारा, "तुमच्याकडं हे कधी बदललं?" मोसंबीवाल्याला विचारा, सोयाबीनवाल्याला विचारा, जालन्याच्या स्टील कारखान्यातल्या कामगाराला विचारा. पाच वेगवेगळी सालं आली तर घाबरू नका. ती सालं वेगळी का आली, तिथूनच बहुतेक तुमचा विषय सुरू होतो.

माझ्या तिसऱ्या आराखड्यात शीर्षकात साल नाहीये. तो मंजूर झाला. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "ते ठीक आहे. पण यंदा कापूस ठेवू का विकू, तेवढं सांग." ते मात्र अजून लिहितोय.